डायनॅस्टी फँटसी लीग: दुसऱ्याचा सोडलेला संघ हातात आलाय. मोडून नव्याने बांधू की आहे त्यावर लढू?

रानजाई
नमस्कार मंडळी. प्रश्न अमेरिकन फुटबॉलच्या फँटसीचा आहे, म्हणजे खरे खेळाडू निवडून आपला कागदी संघ करायचा आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीचे गुण मोजायचे. इथे अमेरिकेतले बरेच जण खेळतात हे माहीत आहे, म्हणून धागा काढतेय.

गेल्या ऑगस्टमध्ये ऑफिसातला एक सहकारी नोकरी सोडून गेला आणि त्याचा संघ माझ्याकडे आला. लीग नऊ वर्षं जुनी, १२ संघ, डायनॅस्टी. म्हणजे खेळाडू दरवर्षी नव्याने वाटले जात नाहीत. एकदा घेतला की विकेपर्यंत किंवा सोडेपर्यंत तो तुमचाच. शिवाय सुपरफ्लेक्स, म्हणजे दोन क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारे) लावता येतात. प्रत्येक झेलाला अर्धा गुण, पण टाइट एंडच्या (जो अडवतोही आणि झेलही घेतो) झेलाला पूर्ण एक. आणि आयडीपी, म्हणजे बचाव फळीतले खेळाडूही एकेकटे घ्यायचे, त्यांच्या टॅकलला (चेंडूवाल्याला पाडणं) १ आणि सॅकला (क्वार्टरबॅकला फेकायच्या आधीच पाडणं) ३ गुण.

माझ्याकडे आहेत: क्वार्टरबॅक बेकर मेफील्ड आणि कर्क कझिन्स, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) डेरिक हेन्री, टाइट एंड ट्रॅव्हिस केल्सी, रिसीव्हर (झेल घेणारा) ड्रेक लंडन. बाकी भरती. बचावात तर नावं ओळखीची, गुण शून्याच्या आसपास. सीझन ४-१० गेला (४ जिंकले, १० हरले), बारात अकरावा नंबर. त्यामुळे आता रूकी ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वाटपात) दुसरं पिक, म्हणजे निवडीची दुसरी पाळी माझी आहे. ड्राफ्ट २४ मे २०२५ ला.

लीगमधले दोघं म्हणतात, सगळे जुने खेळाडू विकून टाक आणि २०२७ ची वाट बघ. मला दोन वर्षं नुसतं हरत बसायचं नाही. रविवारची दुपार मला मनापासून आवडते. काय करू?

खडूफळा
पुण्यातून विचारतोय: हे आपलं फुटबॉल की ते हेल्मेटवालं?

रानजाई
हेल्मेटवालं. :)

खडूफळा
बरं. मी आठ वर्षं इंग्लिश प्रीमियर लीगची फँटसी खेळतोय. १०० मिलियनचं बजेट, १५ खेळाडू, एका क्लबचे जास्तीत जास्त तीन. ते सुद्धा मला अवघड वाटायचं. तुमच्यात सालाह एकदा कुणी घेतला की बाकी अकरा जणांनी वर्षभर फक्त बघत बसायचं? पॉपकॉर्न घेऊन बसतो, शिकवा.

ओहायोचा_नाना
जाई, २००९ पासून खेळतोय, त्यातली अकरा वर्षं डायनॅस्टी. आधी एक विचारतो. तुमच्या लीगचं स्कोअरिंगचं पान कागद-पेन घेऊन कधी वाचलंयस का? बहुतेक जण वाचत नाहीत. नेटवरच्या याद्या वाचतात, आणि त्या याद्या भलत्याच नियमांच्या लीगसाठी केलेल्या असतात.

तुझा केल्सीच घे. २०२४ मध्ये ९७ झेल, ८२३ यार्ड, ३ टचडाउन (चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं). सगळे म्हणाले, संपला. आता हिशेब कर. यार्डांचे ८२.३, टचडाउनचे १८, आणि तुमच्याकडे टाइट एंडला झेलाचा पूर्ण गुण म्हणून ९७. झाले १९७.३. अर्ध्या गुणाने हेच १४८.८ होतात. माणूस तोच, सामने तेच, फरक ४८.५ गुणांचा. म्हणजे केल्सी तुमच्या लीगमध्ये नेटवरच्या यादीपेक्षा खूप वर असायला हवा. लास व्हेगासच्या ब्रॉक बॉवर्सने रूकी असताना ११२ झेल घेतले. तो ज्याच्याकडे आहे त्याला ५६ गुण फक्त या एका नियमाने मिळाले.

क्वार्टरबॅकचंही तेच. बारा संघ, प्रत्येकी दोन लावणार, म्हणजे २४. सुट्टीचा आठवडा आणि दुखापत धरून प्रत्येकाला तिसरा हवाच. झाले ३६. एनएफएलमध्ये, म्हणजे खऱ्या लीगमध्ये, संघच ३२! चार जण उपाशी राहणारच, आणि गेल्या वर्षी त्यात तू होतीस. कझिन्सला अटलांटाने चार वर्षांचा १८० मिलियनचा करार दिला आणि डिसेंबरमध्ये त्याच्या जागी मायकल पेनिक्सला उतरवलं. तेव्हापासून तुझी दुसरी जागा रिकामी.

विकायचं की लढायचं हे नंतर. आधी हा हिशेब सगळ्या खेळाडूंचा कर.

मीनाक्षी_डॅलस
नानांना अनुमोदन, पण पुढचं मी स्पष्टच सांगते. पूर्ण मोडून बांधण्याच्या नादी लागू नकोस. मी २०१९ ला तेच केलं. सगळे तिशीतले विकले, तीन वर्षांची पिकं गोळा केली, वहीत रंगीत पेनांनी तक्ते केले. २०२० ला २-११. २०२१ ला ३-११. पिकं म्हणजे लॉटरीची तिकिटं. माझी तीन पहिल्या फेरीची पिकं आज कुठल्याच संघात नाहीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ऑक्टोबरनंतर लीगच्या चॅटवर जायचीच इच्छा होईना. खेळ घरच्यासारख्या माणसांबरोबर असतो, त्यातूनच बाहेर पडल्यासारखं वाटतं.

ओहायोचा_नाना
मीनाक्षी, तुझ्या अनुभवाबद्दल वाद नाही. पण हेन्री ३१ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी १,९२१ यार्ड धावला, मान्य, डोळ्यांचं पारणं फिटलं. पण रनिंग बॅक हा नाशवंत माल. सत्ताविशी-अठ्ठाविशीनंतर बहुतेकांचे पाय जातात आणि ते सांगून जात नाहीत. रिसीव्हर तिशीपर्यंत टिकतो, क्वार्टरबॅक पस्तिशीपर्यंत. ज्याला यंदाच जिंकायचंय त्याच्यासाठी हेन्री सोनं आहे. अकराव्या नंबरच्या संघाला त्याचा काय उपयोग? आज विकला तर भाव येईल. ऑक्टोबरमध्ये पाय मुरगळला तर कुणी फुकट घेणार नाही.

मीनाक्षी_डॅलस
हेन्री विक, हे मलाही पटतं. मी म्हणते लंडनला हात लावू नको. २३ वर्षांचा, १०० झेल, १,२७१ यार्ड. लोक "मोडून बांधा" म्हणतात तेव्हा पहिला हात अशाच पोरावर टाकतात.

चिंचेची_सावली
हेन्री विकताना घाई नको. मी ट्रेड कशी करते ते सांगते. अ‍ॅपवरून थेट ऑफर कधीच पाठवत नाही. आधी मेसेज: "तुझ्याकडे रनिंग बॅक कमी दिसतायत, मी हेन्रीबद्दल बोलायला तयार आहे, तुला कोण जड होतोय?" समोरच्याला बोलू द्यायचं. पहिल्याच ऑफरला कचरा पाठवला की माणूस कायमचा दुखावतो, आणि या लीगमध्ये तीच अकरा माणसं तुम्हाला दहा वर्षं पुरवायची आहेत.

आणि प्रत्येकाची आवड लिहून ठेवा. आमच्यातला एक डेन्व्हरचा आहे, ब्रॉन्कोजचा खेळाडू म्हटला की तो थोडे जास्त देतोच. त्याला आनंद, मला आनंद.

खडूफळा
मंडईत भाव करतात तसं चाललंय की! मस्त.

केव्हातरी_जागा
धाग्यात थोडी भर. मी नाशिकहून चुलतभावांच्या न्यू जर्सीतल्या लीगमध्ये खेळतो. ज्यांना भारतातून खेळायचंय त्यांनी एक लक्षात ठेवा. कोण खेळणार नाही याची अंतिम यादी सामन्याच्या ९० मिनिटं आधी येते. तिथले दुपारी एकचे सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला, म्हणजे यादी नऊला. जेवण झालं की बघायची, बदल करायचे, झोपायचं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि यादी दहाला येते.

गेल्या ३ नोव्हेंबरला मी सवयीने नऊला बघितलं. कुणाच्याही नावापुढे लाल खूण नाही. निवांत झोपलो. दहाला माझा रिसीव्हर बाहेर! सकाळी उठून बघतो तर त्याच्यापुढे शून्य, आणि मी ३.२ ने हरलो. बाकावर ११ गुणांचा माणूस बसून होता. आता फोनमध्ये दोन गजर आहेत आणि कॅलेंडरमध्ये तो रविवार आत्तापासूनच लिहून ठेवलाय.

बे_एरियाचा_बंडू
३.२ वरून आठवलं. २८ ऑक्टोबर २०१८, रॅम्स विरुद्ध पॅकर्स. शेवटचं मिनिट, रॅम्सचा टॉड गर्ली मोकळा सुटला, समोर कुणी नाही, आणि एंड झोनच्या (टोकाच्या पट्ट्याच्या) तोंडाशी तो थांबला! रॅम्स २९-२७ ने पुढे होते, वेळ संपवायची होती, त्याच्या संघासाठी एकदम बरोबर निर्णय. माझ्यासाठी ते सहा गुण म्हणजे सामना. मी सोफ्यावर उभा राहून "अरे जा ना बाबा आत!" असा ओरडलो की वरच्या मजल्यावरची मुलगी रडत उठली.

मीनाक्षी_डॅलस
बंडू :)) आणि २०२० चा नाताळ? अ‍ॅल्विन कमाराने वायकिंग्जविरुद्ध धावून सहा टचडाउन केले. १९२९ नंतर कुणी केले नव्हते. बहुतेक लीगची फायनल त्याच आठवड्यात. माझ्या समोरच्याकडे कमारा होता. शुक्रवारी आमच्याकडे दुपारी साडेतीनला सामना सुरू झाला आणि जेवणाच्या वेळेला माझी फायनल संपलेली होती.

साधासरळ
थोडं वेगळं, पण लांबच्या लीगसाठी महत्त्वाचं. मी एका लीगचा कमिशनर (लीग चालवणारा) आहे. २ जानेवारी २०२३, सोमवारची रात्र, बफेलो विरुद्ध सिनसिनाटी. आमची फायनल त्या सामन्यावर होती, एकाकडे जॉश अ‍ॅलन, दुसऱ्याकडे जमार चेस. पहिल्या क्वार्टरमध्ये डॅमार हॅम्लिन टॅकल करून उठला आणि कोसळला. मैदानावरच त्याचं हृदय चालू करायची धडपड, खेळाडू गोल करून उभे, काही रडत होते. आमच्या चॅटवर तासभर एक अक्षर नाही. मग फायनलमधल्या दोघांनीही जवळजवळ एकदमच लिहिलं, "गुणांचं राहू दे."

तो सामना पुढे रद्दच झाला. हॅम्लिन बरा झाला, पुढच्या सीझनला परत मैदानात उतरला, त्याचा आनंद वेगळाच. पण आमच्या नियमांत रद्द सामन्याबद्दल एक ओळ नव्हती. दोघं समजूतदार म्हणून बक्षीस वाटून घेतलं. इतर लीगमध्ये यावरून भांडणं होऊन माणसं सोडून गेल्याचं ऐकलं. आम्ही त्याच महिन्यात नियम लिहून काढले: रद्द सामना, दोन्ही संघांचे सारखे गुण, कुणी मध्येच सोडून गेला तर त्याचा संघ कुणाकडे. जाई, तुझ्या लीगचे नियम लिहिलेले आहेत का?

रानजाई
लिहिलेले आहेत, अकरा पानं. आणि नाना, तुम्ही विचारल्यावर मी काल रात्री ती पहिल्यांदा नीट वाचली. त्यातून एक प्रश्न निघाला. यंदा एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये जॅक्सनव्हिलने दुसऱ्या पिकवर ट्रॅव्हिस हंटरला घेतलंय. तो रिसीव्हरही आहे आणि बचावातला कॉर्नरबॅकही. आमच्याकडे बचावाचेही गुण आहेत. मग त्याला रिसीव्हरच्या जागी लावला तर त्याचे टॅकल धरायचे का? नियमांत काहीच नाही.

साधासरळ
हे आत्ता, ड्राफ्टच्या आधी कमिशनरला विचार. लेखी. ड्राफ्टनंतर विचारलंस तर ज्याने त्याला घेतला त्याच्या विरोधात विचारल्यासारखं होईल.

बे_एरियाचा_बंडू
माझं मत: दोन्ही धरा. असा खेळाडू पिढीत एखादा. कोलोरॅडोकडून दोन्हीकडे खेळून हाइजमन (कॉलेज फुटबॉलचा सर्वांत मोठा पुरस्कार) जिंकला त्याने.

ओहायोचा_नाना
माझं मत उलट. रिसीव्हरच्या जागी बसून जो टॅकलचे गुणही आणतो तो एका जागेत दोन माणसं घेऊन येतो. बाकी अकरा जणांनी लीगमध्ये येताना हे मान्य केलेलं नव्हतं. (आणि हो, ते दुसरं पिक आमच्या ओहायोच्या ब्राउन्सचं होतं. विकलं. त्यावर वेगळा धागा काढेन.)

चिंचेची_सावली
पैशांच्या बोलीबद्दल कुणीच काही बोललं नाही. जाई, तुमच्याकडे मोकळ्या खेळाडूंसाठी बोली असते ना?

रानजाई
हो, सीझनला १०० डॉलर, खोटे. बुधवारी पहाटे बंद पाकिटं उघडतात. माझे तिसऱ्या आठवड्यात संपले होते.

चिंचेची_सावली
मग हे वाच. ९ सप्टेंबर २०२४. सॅन फ्रान्सिस्कोचा रनिंग बॅक मॅकॅफ्री सगळ्यांचा पहिल्या पसंतीचा खेळाडू. शनिवार-रविवारी सगळ्या बातम्या "खेळेल" म्हणत होत्या. पण गुरुवारपासूनचे सरावाचे रिपोर्ट "मर्यादित, मर्यादित" असेच येत होते. मी त्याचा राखीव जॉर्डन मेसन रविवारी सकाळी एका डॉलरला उचलून बाकावर ठेवला. सोमवारी सामन्याच्या आधी मॅकॅफ्री बाहेर. मेसन २८ वेळा धावला, १४७ यार्ड, एक टचडाउन. बुधवारी लोक त्याच्यासाठी साठ-सत्तर डॉलर लावायला तयार होते, पण तो मोकळाच नव्हता.

माझी पद्धत एवढीच. ज्याच्यावर सगळा संघ उभा आहे त्याच्या मागे कोण उभा आहे ते शुक्रवारपर्यंत माहीत असावं. आणि बोली गोल आकड्यात लावू नये. सगळे ४० लावतात, आपण ४१.

खडूफळा
४१ वाली युक्ती माझ्या सोसायटीच्या पार्किंगच्या लिलावात वापरतो.

ओहायोचा_नाना
यात एक पुस्ती. आयडीपीमध्ये बोलीचे पैसे लागतच नाहीत. टॅकलला १ आणि सॅकला ३ असेल तर प्रसिद्ध माणसांचा नाद सोड. २०२१ मध्ये टी. जे. वॉटने २२.५ सॅक केले, विक्रमाशी बरोबरी. सॅकचे गुण ६७.५. त्याच वर्षी फोयेसादे ऑलुओकुनने १९२ टॅकल केले, म्हणजे १९२ गुण. वॉटचे टॅकल मिळवूनही तो बराच मागे राहतो. ऑलुओकुन पुढच्या वर्षी दुसऱ्या संघात गेला आणि तिथेही टॅकलमध्ये पहिला आला. त्याचं नाव ऑफिसात किती जणांना माहीत होतं? मधल्या फळीतला, मैदानाबाहेर न येणारा लाइनबॅकर शोध. फुकट मिळतो आणि दर रविवारी दहा गुण आणतो.

केव्हातरी_जागा
अवांतर: हा सगळा प्रकार सुरू कोणी केला?

साधासरळ
१९६२ मध्ये बिल विंकनबाख यांनी. ओकलंड रेडर्समध्ये त्यांची भागीदारी होती. संघाच्या दौऱ्यात न्यूयॉर्कच्या हॉटेलात एका रात्री सोबतच्यांबरोबर बसून नियम केले आणि पुढच्या वर्षी ओकलंडला पहिली लीग सुरू झाली. आठ संघ. सोमवारी वर्तमानपत्रातले आकडे बघून हातानेच गुण मोजायचे.

ओहायोचा_नाना
म्हणजे कागद-पेन होतंच!

रानजाई
मंडळी, आठवडाभर गायब होते. सगळं सांगते.

नानांच्या सांगण्याप्रमाणे बाराही संघांच्या खेळाडूंचे २०२४ चे गुण आमच्या नियमांनी काढले. दोन रात्री गेल्या, नवऱ्यानेही आकडे वाचून दाखवायला मदत केली. केल्सी आमच्या लीगमध्ये टाइट एंडमध्ये अजूनही वरच्या फळीत आहे, म्हणून ठेवला. लंडनला हात लावला नाही, मीनाक्षी.

हेन्रीसाठी सावलीताईंसारखा मेसेज टाकला. पहिल्याने दुसऱ्या फेरीचं एकच पिक देऊ केलं, आभार मानून सोडून दिलं. दुसरा गेल्या वर्षी फायनल हरलेला. त्याच्याकडे चार क्वार्टरबॅक, चौथा ब्राइस यंग. त्याला यंग जडच होत होता. सप्टेंबरमध्ये कॅरोलिनाने दोन सामन्यांनंतर त्याला बाकावर बसवलं तेव्हापासून तो वैतागलेला. पण मी त्याचे परत आल्यानंतरचे सामने बघितलेत, शेवटी शेवटी छान खेळला. हेन्री देऊन यंग आणि २०२६ चं दुसऱ्या फेरीचं पिक घेतलं. फोनवर बोलताना तो म्हणाला, नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आधी विचारून ट्रेड केली.

हंटरबद्दल कमिशनरने मतदान घेतलं. ७-५ ने ठरलं, ज्या जागी लावाल त्याच बाजूचे गुण.

मीनाक्षी_डॅलस
शाब्बास! यंग घेतलास ते फार आवडलं. आता दुसऱ्या पिकचं? रनिंग बॅक जेंटी पहिल्यावर जाणार हे नक्की. कॉलेजच्या शेवटच्या सीझनला २,६०१ यार्ड धावलेला माणूस कोण सोडणार. रनिंग बॅक हॅम्प्टन घेणार का क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड?

ओहायोचा_नाना
वॉर्ड. ३६ आणि ३२ चा हिशेब विसरू नकोस.

बे_एरियाचा_बंडू
हॅम्प्टन! त्याच्या चार्जर्सकडे धावायचंच धोरण आहे.

रानजाई
आज ड्राफ्ट. पहिल्याने जेंटी घेतला. मी वॉर्ड. मेफील्ड, यंग, वॉर्ड, तीन झाले. आता तिसरी फेरी चालू आहे, माझ्या आधी एक जण विचार करत बसलाय. यादीत लाइनबॅकर एकच उरलाय मला हवा असलेला. नव्वद सेकंदांचं घड्याळ आहे, हाताला घाम आलाय.

खडूफळा
पुण्यात रात्रीचे सव्वाबारा. जागा आहे. कोण?

रानजाई
मिळाला!! कार्सन श्वेसिंगर. नाना, तुमच्या ब्राउन्सचा.

ओहायोचा_नाना
अगं! दुसऱ्या फेरीच्या पहिल्याच पिकवर घेतलाय आम्ही त्याला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षात एकट्याने केलेले ९० टॅकल. आता दर रविवारी आपण दोघं एकाच माणसासाठी ओरडणार. बायकोला सांगून आलो, ती विचारतेय जाई कोण.

रानजाई
काकूंना नमस्कार सांगा. चौथी फेरी सुरू झाली, येते.